सायकलची सुती फीत

आमच्या जुन्या फ्रेंच शर्यती सायकलच्या हँडलला कोणती फीत गुंडाळावी, यावर घरात चार दिवस वाद झाला. चिरंजीव म्हणाले, प्लॅस्टिकची घ्या, पुसता येते. पण सायकल १९५० च्या सुमाराची. तेव्हा फ्रान्समध्ये ‘ट्रेसोस्टार’सारखी सुती फीतच चाले. बुचाची तर १९८० च्या दशकातली! सूत घाम टिपते, हात घसरत नाही. मळते मात्र लवकर. म्हणून शौकीन लोक चपडा लाख स्पिरिटात विरघळवून तिचे हात देत. फीत टणक होते, पाण्याला दाद देत नाही, पांढऱ्यावर मधाळ छटा चढते. आणि वाचकहो, ही लाख आपल्याच पळस-कुसुमावरच्या किड्यांची, छोटा नागपूरकडची. पांडवांच्या लाक्षागृहाचीच म्हणा ना! मी सुतीच घेतली. काल तिसरा हात दिला. लाख लगेच वाळली. स्पिरिटाचा वास मात्र अजून घरभर आहे.