तरफेची रायफल : जुने यंत्र आणि बदलती मोजपट्टी

अमेरिकेच्या यादवी युद्धास १८६१ साली आरंभ झाला, तेव्हा दोन्ही बाजूंचा सामान्य शिपाई ठासणीची बंदूक वापरीत होता. दारू व गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासावयाची, टोपी बसवावयाची आणि मग नेम धरावयाचा. सराईत हातांनाही मिनिटाला तीनच बार साधत. परंतु आदल्याच वर्षी, १८६० मध्ये, बेंजामिन टायलर हेन्री या कारागिराने एका भरणीत सोळा बार काढणाऱ्या रायफलीचे पेटंट मिळविले होते. त्याचा धनी ऑलिव्हर विंचेस्टर हा मूळचा शर्ट तयार करणारा कारखानदार.

या रायफलीची रचना समजण्यास सोपी आहे. चापाभोवतीची कडी हीच तिची तरफ. कडी खाली ओढली, की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि घोडा चढतो. कडी पुन्हा मिटली, की बंदुकीच्या नळीखालच्या दुसऱ्या नळीतून आलेले नवे काडतूस जागेवर बसते. प्रत्येक बारासाठी हाताची एक हालचाल लागते; पण ती क्षणार्धाची असते.

हाच वेग सरकारी अधिकाऱ्यांना मानवला नाही. संघराज्याच्या शस्त्रखात्याचे प्रमुख जनरल जेम्स रिप्ले यांना अशा बंदुकांमुळे काडतुसांची उधळपट्टी होईल आणि पुरवठ्याचा घोळ वाढेल, अशी धास्ती वाटत होती. सरकारने हेन्री रायफली घेतल्या त्या सुमारे १७००. बाकीच्या शिपायांनी व इतरांनी पदरमोड करून घेतल्या.

शिष्ट सेनानींनी जे नाकारले, त्याचे मोल रणांगणावर कळून आले. १८७६ साली लिटल बिगहॉर्नच्या लढाईत जनरल कस्टरच्या घोडदळाजवळ एकबारी बंदुका होत्या; लाकोटा व शायान योद्ध्यांपैकी अनेकांपाशी हेन्री व विंचेस्टर रायफली होत्या. १९८४ पासून तेथे झालेल्या उत्खननात सापडलेल्या काडतुसांनी या गोष्टीस पुष्टी दिली. पुढच्याच वर्षी, १८७७ मध्ये, बल्गेरियातील प्लेव्हना येथे उस्मान पाशाच्या तुर्की फौजेने दूरच्या माऱ्यासाठी पीबडी-मार्टिनी आणि जवळच्या माऱ्यासाठी विंचेस्टर वापरून रशियनांची मोठी हानी केली. हिंदुस्थानातील फौजेच्या परिचयाच्या मार्टिनी-हेन्री बंदुकीलाही तरफ होती. पण ती एकबारी, आणि तिच्या नावातील हेन्री हा एडिंबरोचा अलेक्झांडर हेन्री, अमेरिकेतील नव्हे.

प्लेव्हनानंतर युरोपातील सैन्ये अनेकबारी रायफलीकडे वळली खरी, परंतु त्यांनी निवडली ती बोल्टची. याला कारणे होती. जमिनीवर पालथे पडलेल्या शिपायाला खाली उघडणारी कडी अडचणीची होते. अणकुचीदार गोळ्या नळीत एकापुढे एक ठेवल्यास मागच्या गोळीची अणी पुढच्या काडतुसाच्या बुडाशी टेकते आणि धक्क्याने ते उडण्याचा धोका असतो. जॉन ब्राउनिंग याने १८९५ च्या रायफलीत नळीऐवजी पेटी बसवून ही अडचण दूर केली. पहिल्या महायुद्धात रशियाने तशा सुमारे ३ लक्ष रायफली घेतल्या. पण तोवर बोल्टचा जम बसला होता.

तरफेची रायफल जगली ती शिकाऱ्याच्या खांद्यावर. ब्राउनिंगचीच १८९४ ची विंचेस्टर आखूड, चपटी व हलकी होती. दाट रानात शंभर-सव्वाशे पावलांवरच्या हरणासाठी तिच्याहून अधिक काही लागत नसे. तिच्या ७० लक्षांहून अधिक प्रती निघाल्या. चित्रपटांनी तिला काव्याचे वलय दिले; १९५० च्या एका चित्रपटाचे तर नावच 'विंचेस्टर ७३' असे होते. तरीही काळ पालटला. २००६ साली न्यू हेवनचा जुना कारखाना बंद पडला.

आणि येथेच इतिहासाने वळण घेतले. त्याच सुमारास मऊ, लवचीक अणीच्या गोळ्या बाजारात आल्या आणि नळीतील जुना धोका टळला. २०२० साली दिवाळखोरीच्या विक्रीत मार्लिन ही जुनी पेढी रूगर कंपनीने घेतली आणि तिचे उत्पादन पुन्हा सुरू केले. २०२४ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीनेही तरफेची रायफल बाजारात आणली. अक्रोडाच्या दस्त्याऐवजी कृत्रिम दस्ता, दुर्बिणीसाठी पट्टी, आवाज मंदावणारे नळकांडे बसविण्यासाठी नळीच्या टोकाला आटे, असा या नव्या रायफलींचा थाट आहे. नळीत काडतुसे एकेक भरावी लागतात आणि यंत्र उघडून साफ करणे किचकट असते, हे दोष मात्र बव्हंशी कायम आहेत.

मग ही ओढ कशासाठी? स्मृतिरंजन हे एक कारण; दुसरे कायद्याचे. न्यूयॉर्क राज्याने २०१३ साली व वॉशिंग्टन राज्याने २०२३ साली, आपोआप भरणाऱ्या अनेक रायफलींवर कडक निर्बंध घातले. तरफेची रायफल हाताने भरावी लागते, म्हणून ती त्या व्याख्येबाहेर राहिली. १८६१ साली जी अतिवेगवान म्हणून नाकारली गेली, तीच दीडशे वर्षांनी संथ म्हणून स्वीकारली गेली. यंत्र तेच, मोजपट्टी बदलली.

परंतु मोजपट्टी उलटही फिरू शकते. पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेल्यानंतर ऑस्ट्रेलियाने १९९६ साली कठोर नियम केले. त्यांत तरफेची छऱ्याची बंदूक साध्या दुनळीच्या वर्गात ठेवली होती. सात काडतुसांची तशी नवी बंदूक आयात होऊ लागताच वाद पेटला, आणि डिसेंबर २०१६ मध्ये पाचांहून अधिक काडतुसांची तरफेची छऱ्याची बंदूक अत्यंत कडक वर्गात टाकण्याचे ठरले. कायदा यंत्राची जात पाहून रेघ ओढतो. कारागीर त्या रेघेलगतच नवे यंत्र उभे करतो. अशा वेळी राज्यकर्त्यांना जुनाच प्रश्न नव्याने सोडवावा लागतो. बंदूक कशी भरली जाते, यावर तिची परीक्षा करावयाची, की ती किती थोड्या वेळात किती जीव घेऊ शकते, यावर? हेन्रीच्या कडीने १८६० साली विचारलेला हा प्रश्न अद्याप मिटलेला नाही.