न्हावऱ्यातला ह

न्हावरे नीट म्हणता येणं ही आमच्याकडे गाववाल्याची खूण. बाहेरचा पाहुणा एकतर 'नावरे' म्हणतो, नाहीतर न आणि ह सुटे करून 'नहावरे'. शिरूर-चौफुला रस्त्यावरच्या पोराला मात्र न्हाणी, म्हस, कोल्हा, व्हय यांतला ह शिकवावा लागत नाही. वर्गात वर्णमाला फळ्यावर लिहिताना मला कायम वाटायचं, ख, घ, थ, ध यांना हक्काची घरं मिळाली आणि न्ह-म्ह बिचारे जोडाक्षरात भाड्याने राहिले.

ग्रीकांच्या ह चे हाल याहून वाईट. दोन उभे दांडे आणि मधे आडवी रेघ, असं त्यांचं 'हेटा' अक्षर होतं. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या आयोनियन लोकांच्या बोलण्यातून ह गळाला, तेव्हा त्यांनी ते अक्षर दीर्घ ए साठी वापरलं. इ.स.पू. 403 च्या सुमारास अथेन्सने हीच लिपी सरकारी कामाला घेतली. अथेन्सचा माणूस ह म्हणत होता, लिहायला अक्षर नव्हतं! दक्षिण इटलीतल्या ग्रीक वसाहतींनी तोड काढली: अक्षर उभं चिरलं आणि डावा अर्धा ह साठी ठेवला. पुढे अलेक्झांड्रियाच्या पंडितांनी (परंपरा बायझँटियमच्या अरिस्टोफेनिसचं नाव घेते) तो शब्दारंभीच्या स्वरावर बसवला. उजवा अर्धा कशाला, तर इथे ह नाही हे सांगायला. पंडितच ते. लिहून लिहून दोन्ही चिन्हं स्वल्पविरामाएवढी झाली.

थीटा, फी, खी ही अक्षरं तेव्हा थ, फ, ख अशीच उच्चारत. त्याची साक्ष आपल्या मुलखात सापडते. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचपासून वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर सांगितलंय. त्यात पैठण थीटाने लिहिलंय, दक्षिणापथ खी ने. पण भ त्यांच्याकडे नव्हताच, म्हणून भरुकच्छचं 'बारिगाझा' झालं. आमच्याच जिल्ह्यात, जुन्नरच्या लेण्यांत, इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, पाण्याची दोन टाकी दान दिल्याचा लेख आहे. त्यात 'देयधम' कोरलंय. तो ध पाथरवटाच्या छिन्नीतून सहज उतरला. इरिलच्या तोंडून कसा निघत होता, कोण जाणे.

पुढे ग्रीकांचा ह गेला आणि फी चा फ दात ओठावर टेकवून म्हणू लागले. कित्येक शतकं मुकी राहिलेली स्वरांवरची ती दोन अर्धी चिन्हं ग्रीसने 1982 मध्ये शाळा-कचेऱ्यांतून काढली. पुण्यात शिकणारी आमची पोरं सुट्टीला आली की 'फळ' तसंच दाताने म्हणतात. न्हावरे मात्र अजून न्हावरेच म्हणतात.