वेस्ट मूरचे घर आणि लोहमार्गाचा उगम

इंग्लंडच्या ईशान्य भागात, न्यूकॅसल शहराच्या उत्तरेस काही मैलांवर, किलिंगवर्थच्या परिसरात वेस्ट मूर या ठिकाणी एक लहानसे घर आहे. दारावर बसविलेल्या दगडी छायायंत्रामुळे ते ‘डायल कॉटेज’ या नावाने ओळखले जाते. छायायंत्रावर कोरलेला दिनांक ११ ऑगस्ट १८१६ हा आहे. जॉर्ज स्टीफन्सन १८०४ च्या सुमारास खाणीतील इंजिनावरचा कामगार म्हणून येथे आला आणि १८२३ च्या सुमारास लोहमार्गाचा नामांकित अभियंता म्हणून येथून बाहेर पडला. या दोन दशकांमुळे लोहमार्गाच्या इतिहासात या घरास मानाचे स्थान मिळाले. तथापि एखादी वास्तू थोर पुरुषाची म्हणून जतन झाली की ती नेमका कशाचा पुरावा आहे, हा प्रश्न बहुधा मागे पडतो. वेस्ट मूरच्या घराविषयी तो पुन्हा विचारणे अगत्याचे आहे.

स्टीफन्सनचे जन्मस्थान टाईन नदीकाठच्या वायलम गावी आहे. तेथील घरात अनेक कुटुंबे राहत आणि स्टीफन्सन कुटुंबाच्या वाट्यास त्यातील एकच खोली आली होती. तेथे ९ जून १७८१ रोजी तो जन्मला, यापलीकडे त्या घराशी त्याच्या कर्तृत्वाचा संबंध नाही. वेस्ट मूरचे घर मात्र त्याच्या कार्यकाळातील आहे. सॅम्युएल स्माइल्स या चरित्रकाराच्या सांगण्याप्रमाणे आरंभी या घरास खाली एक खोली व वर शिडीने चढावयाचा माळा एवढेच होते. स्टीफन्सनने स्वतःच्या हातांनी भट्टी बांधली, एकेक खोली वाढविली आणि अखेर ते चार खोल्यांचे घर झाले. घराची ही वाढ म्हणजे त्याच्या उन्नतीचा आलेखच होय, असे चरित्रकारास सुचवावयाचे आहे. हे खोटे नाही; परंतु अपुरे आहे.

लोहमार्गाची कल्पना स्टीफन्सनच्या जन्मापूर्वीच त्या प्रदेशात रुळलेली होती. खाणीतील कोळसा नदीच्या धक्क्यापर्यंत नेण्यासाठी लाकडी रुळांवरून घोड्यांनी ओढावयाच्या वाघिणी टाईनच्या खोऱ्यात सतराव्या शतकापासून चालत होत्या. नेपोलियनबरोबरच्या युद्धकाळात घोडे व त्यांचा चारा महाग झाला, आणि खाणमालक वाफेकडे वळू लागले. रिचर्ड ट्रेव्हिथिकने १८०४ मध्ये वेल्समध्ये रुळांवरून इंजिन चालवून दाखविले होते. लीड्सजवळ मिडलटनच्या खाणीवर १८१२ पासून ब्लेंकिन्सॉप व मरे यांची दातेरी चाकाची इंजिने कोळसा ओढू लागली. खुद्द वायलम येथे विल्यम हेडलीचे प्रयोग चालले होते. सारांश, स्टीफन्सनपुढे कोरी पाटी नव्हती. अनेकांनी अर्धवट सोडविलेले एक गणित होते.

या पार्श्वभूमीवर त्या घरातील घटनाक्रम पाहावा. १८०६ मध्ये स्टीफन्सनची पत्नी फॅनी क्षयाने वारली. एक मुलगी त्यापूर्वीच बाल्यावस्थेत दगावली होती. १८०३ मध्ये जन्मलेला रॉबर्ट हा एकुलता मुलगा उरला. काही काळ स्टीफन्सन स्कॉटलंडमध्ये नोकरीस गेला. परतला तेव्हा वाफेच्या अपघातात वडिलांची दृष्टी गेलेली होती. त्यांचे कर्ज त्याने फेडले आणि लष्करी भरतीत नाव निघाल्यामुळे स्वतःऐवजी दुसरा माणूस पैसे देऊन पाठविला. या विपन्नावस्थेत त्याची बहीण एलिनॉर हिने घर व लहानगा रॉबर्ट यांचा सांभाळ केला. चरित्रात तिचा उल्लेख ओझरता येतो. परंतु दिवसपाळी-रात्रपाळी करणाऱ्या विधुर कामगारास प्रयोगांसाठी मोकळीक मिळाली, त्यात या बहिणीचा वाटा मोठा होता असे मानावे लागते.

१८११ मध्ये खाणीतील पाणी उपसणारे एक इंजिन इतरांना दाद देईना, ते स्टीफन्सनने दुरुस्त केले. त्यामुळे १८१२ मध्ये तो वर्षाला शंभर पौंड वेतनावर खाणीचा यंत्रकार झाला. रेव्हन्सवर्थप्रभृती मालकांनी दिलेल्या पैशातून त्याने पहिले इंजिन बांधले. ते वेस्ट मूरच्या कार्यशाळेत तयार झाले आणि घडाईच्या कामात खाणीच्या लोहाराचे साहाय्य होते. २५ जुलै १८१४ रोजी ‘ब्ल्यूखर’ या इंजिनाने आठ वाघिणींतील तीस टन भार चढावरून ताशी चार मैल वेगाने ओढला. दातेरी रुळाचे साहाय्य न घेता, केवळ गुळगुळीत चाक व गुळगुळीत रूळ यांच्या घर्षणावर हे साधले. पुढील वर्षी सुधारित इंजिनाचे एकस्व घेतले गेले, ते खाणीचा व्यवस्थापक राल्फ डॉड्स याच्यासह. बिडाच्या रुळांच्या सुधारणेचे १८१६ चे एकस्व विल्यम लॉश या कारखानदाराबरोबरचे होते. प्रत्येक पावलास कोणी ना कोणी सोबती होता.

सुरक्षा-दिव्याचे उदाहरण याहून बोलके आहे. खाणीतील ज्वालाग्राही वायूच्या स्फोटांत माणसे मरत. अशा खाणीत नेता येईल असा दिवा करण्याचे प्रयत्न स्टीफन्सनने १८१५ मध्ये चालविले. दिव्याचा आराखडा निकोलस वुडने काढला, तो न्यूकॅसलच्या पत्राकारागिराने घडविला आणि ऑक्टोबरमध्ये किलिंगवर्थच्या खाणीतच त्याची परीक्षा झाली. त्यानंतर काही दिवसांनी, ९ नोव्हेंबर रोजी, सर हम्फ्री डेव्हीने आपले संशोधन लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. डेव्हीला दोन हजार पौंडांचा सन्मान मिळाला, आणि स्टीफन्सनवर कल्पना चोरल्याचा आरोप आला. अठराव्या वर्षी अक्षरओळख झालेला खाणकामगार असा शोध लावू शकेल, हेच विद्वन्मंडळींना पटत नव्हते. न्यूकॅसलच्या नागरिकांनी चौकशी करून त्याची बाजू उचलून धरली व एक हजार पौंडांची वर्गणी त्यास अर्पण केली. १८३३ मध्ये पार्लमेंटच्या समितीने त्याचा हक्क समान असल्याचे मान्य केले. औपचारिक विद्या व अनुभवातून आलेले ज्ञान यांतील हा संघर्ष स्टीफन्सनच्या मनात खोलवर रुजला.

मुलाच्या शिक्षणाविषयीची त्याची तळमळ याच अनुभवाशी जोडून पाहावी लागते. रॉबर्टला न्यूकॅसलमधील ब्रूसच्या शाळेत घालण्यात आले. तेथील वाङ्मय व तत्त्वज्ञान मंडळाच्या ग्रंथालयातून मुलगा पुस्तके आणी किंवा टिपणे काढी, आणि संध्याकाळी बापलेक ती मिळून अभ्यासीत. दारावरील छायायंत्र हे या अभ्यासाचे फळ आहे. फर्ग्युसनच्या ज्योतिषविषयक ग्रंथाच्या आधारे त्यांनी ते तयार केले. येथे एक तांत्रिक मुद्दा ध्यानात घेण्याजोगा आहे. छायायंत्र पुस्तकातील आकृतीवरून जसेच्या तसे उतरवून चालत नाही. ज्या स्थळी ते बसवावयाचे तेथील अक्षांशानुसार तासांच्या रेषांचे कोन नव्याने काढावे लागतात. म्हणजे बारा वर्षांच्या मुलाने व पस्तीस वर्षांच्या बापाने किलिंगवर्थसाठी ते गणित मांडले होते. घरातील भट्टी, माळा, बागेतील वाऱ्याने हलणारे बुजगावणे या गोष्टी बव्हंशी चरित्रकाराच्या कथनावर अवलंबून आहेत. दगडावर कोरलेला दिनांक मात्र त्या काळाचाच साक्षीदार आहे. आणि ही साक्ष एकट्या प्रतिभावंताची नव्हे, तर सहाध्ययनाची आहे.

स्माइल्सचे चरित्र १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि दोनच वर्षांनी स्वावलंबनावरील त्याचा विख्यात ग्रंथ आला. रॉबर्टने दिलेली माहिती या चरित्रास लाभली, म्हणून त्याचे मोल मोठे आहे. परंतु उद्योगी मनुष्य स्वबळावर वर येतो, हा सिद्धान्त चरित्रकाराने गृहीत धरलेला होता. त्यामुळे लोहार, व्यवस्थापक, आराखडाकार व बहीण ही सारी माणसे सावलीत गेली. पुढील काळात घराकडे पाहणाऱ्यांची दृष्टीही याच चरित्राने घडविली.

१८२१ मध्ये डार्लिंग्टनच्या एडवर्ड पीज याची व स्टीफन्सनची भेट झाली. पुढे पीजने किलिंगवर्थला येऊन इंजिने प्रत्यक्ष पाहिली. १८२३ मध्ये न्यूकॅसल येथे रॉबर्टच्या नावाने इंजिनांचा कारखाना निघाला आणि २७ सप्टेंबर १८२५ रोजी स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्ग खुला झाला. किलिंगवर्थच्या खाणमार्गाच्या रुळांतील अंतर चार फूट आठ इंच होते. तेच माप तेथे स्वीकारले गेले आणि अर्ध्या इंचाच्या भरीसह पुढे जगातील बहुसंख्य लोहमार्गांचे प्रमाण ठरले. म्हणजे घोड्याच्या वाघिणीसाठी रूढ झालेले स्थानिक माप आजच्या वेगवान गाड्याही पाळतात.

मुंबईच्या लोहमार्गाशीही या घराचा दुरून संबंध पोहोचतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा सल्लागार अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन हाच होता, आणि १८५० मध्ये मुंबईस आलेला मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले हा त्याच्याच हाताखाली तयार झालेला होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा एकवीस मैलांचा प्रवास झाला तो मात्र साडेपाच फूट रुंदीच्या मार्गावरून. वेस्ट मूरचे माप येथे आले नाही; गुरुशिष्यपरंपरा आली. ज्ञानाचा प्रसार यंत्राच्या मापांपेक्षा माणसांच्या द्वारे अधिक दूरवर होतो, याचे हे चांगले उदाहरण होय.

यावरून वेस्ट मूरच्या घराचे ऐतिहासिक महत्त्व स्पष्ट होते. लोहमार्गाचा जनक तेथे राहिला, एवढ्यापुरते ते मर्यादित नाही. खाणीची गरज, कारागिरांचे कौशल्य, कुटुंबाचा आधार आणि उसन्या पुस्तकांचा अभ्यास या चार गोष्टी एका छपराखाली कशा एकत्र आल्या, हे ते घर दाखविते. स्टीफन्सनचे कर्तृत्व त्यामुळे उणे होत नाही. हे सारे जुळवून आणणे हेच त्याचे खरे सामर्थ्य ठरते. थोरांच्या वास्तूंचा अभ्यास करणाऱ्याने दारावरच्या नावाबरोबर त्या दाराआड राबलेल्या हातांचीही नोंद घ्यावी, हा या घराचा धडा आहे.