शिवराईच्या पिढ्या

6 जून 1674 रोजी रायगडावर शिवाजीराजांचा राज्याभिषेक झाला आणि नव्या छत्रपतींच्या नावाने सोन्याचा होन व तांब्याची शिवराई पडली. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’ आणि कडेने ठिपक्यांचे वर्तुळ. दख्खनच्या सुलतानांची नाणी फारसी अक्षरांत पडत होती. त्या बाजारात हे देवनागरी नाणे चालू लागले.

1680 मध्ये महाराज गेले, पण शिवराई पडतच राहिली. पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या अमलात टांकसाळी वाढल्या. कित्येक तर खासगी लोकांना परवान्याने दिलेल्या होत्या. छाप हाताने कोरलेले, त्यामुळे कुठे ‘शिव’ तर कुठे ‘सिव’, कुठे ‘पति’ तर कुठे ‘पती’. सुरुवातीची जाड शिवराई साधारण 11 ते 13 ग्रॅम भरते, पुढची हलकी होत गेली. मजकुरात दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ ही उत्तरकाळातली. 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावरही शिवराई बाजारात चालत होती. नाण्यावर सहसा साल नसते. म्हणून पिढी ठरवायची ती वजन, अक्षरांचे वळण आणि ठिपके एकत्र पाहूनच.

खरेखोटेही याच घडणीतून कळते. खरे नाणे हातोड्याच्या घावाने पडलेले असते. एकाच छापाच्या दोन नाण्यांची अक्षरे जुळतील, पण घाव दर वेळी थोडा सरकतो, कडाही निराळी फुटते. दोन नाण्यांत कडेची तीच चीर नेमक्या त्याच जागी दिसली, तर ती एकाच साच्यात ओतलेली समजावीत. ओतीव नाण्याच्या कडेला सांधा राहतो, पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात.

म्हणूनच चिंच, लिंबू, पितांबरी यांपासून शिवराई दूर ठेवावी. तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेला काळपट-तपकिरी थर हा वयाचा पुरावा असतो. आम्लाने तो जातो, सोबत अक्षरांची धारही जाते. माती असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजत ठेवावे, पाणी बदलत राहावे आणि सुटलेला थर बांबूच्या काडीने हलकेच काढावा. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल, तर तो क्लोराइडचा रोग आहे. ते नाणे वेगळे आणि कोरडे ठेवावे.

आज हाती येणाऱ्या बहुतेक शिवराया महाराजांच्या हयातीतल्या नसतात, आणि ते कळल्यावर अनेक संग्राहक हिरमुसतात. मला मात्र त्या उत्तरकाळातल्या शिवराईचे मोल फार वाटते. राज्य पुढच्या पिढ्यांकडे गेले, कारभार पेशव्यांकडे गेला, तरी बहुतेक शिवरायांवरचे नाव बदलले नाही. रोजच्या व्यवहारात ज्या नावावर लोकांचा भरवसा होता, ते शिवाजीराजांचेच राहिले. त्या भरवशाचा पुरावा पहिल्या शिवराईत मिळत नाही. तो पुढच्या पिढ्यांतच मिळतो.