साथीतले दोन फुटबॉल हंगाम

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील मिशिगन आणि ओहायो स्टेट या दोन विद्यापीठांचा फुटबॉल सामना हा तिथल्या लोकांसाठी जवळजवळ सणच असतो. १९१८ पासून २०१९ पर्यंत तो एकदाही चुकला नाही. महामंदीत झाला, दुसऱ्या महायुद्धात झाला. १२ डिसेंबर २०२० रोजी व्हायचा सामना मात्र कोव्हिडमुळे रद्द झाला. शंभरावर वर्षांची ही परंपरा एका साथीने मोडली, आणि तिची सुरुवात ज्या १९१८ साली झाली तेही साथीचेच वर्ष होते. इन्फ्लुएन्झा माणसे मारत असताना, ३० नोव्हेंबर १९१८ रोजी कोलंबस शहरात मिशिगनने ओहायो स्टेटला १४-० असे हरवले होते.

या योगायोगामुळे मी दोन्ही हंगामांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचू लागलो. साथ असताना महाविद्यालयीन मुले मैदानावर का उतरली आणि तो निर्णय कोणी घेतला, एवढेच मला शोधायचे होते.

आधी खेळाबद्दल थोडेसे. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू हातात घेऊन धावायचे आणि समोरच्यांनी अंगावर झेप घेऊन धावणाऱ्याला पाडायचे, असा हा खेळ. प्रत्येक डाव सुरू होताना दोन्ही संघांचे धिप्पाड गडी समोरासमोर वाकून उभे राहतात. एकाचा श्वास दुसऱ्याच्या तोंडावर येईल इतके जवळ. श्वासातून पसरणाऱ्या रोगाला याहून सोयीचा खेळ सापडणे कठीण.

१९१८ : लष्कराचा खेळ

१९१८ च्या हिवाळी सत्रात अमेरिकी महाविद्यालये एका अर्थाने छावण्याच झाली होती. १ ऑक्टोबरला पाचशेहून अधिक महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचे लष्करी प्रशिक्षण दल सुरू झाले. विद्यार्थी गणवेशात आले, वसतिगृहांच्या बराकी झाल्या. फुटबॉलने अंगात लढाऊपणा येतो असे लष्करी अधिकाऱ्यांचे मत होते. त्यामुळे खेळ बंद झाला नाही. सरावाचा वेळ कमी झाला, लांबच्या प्रवासावर निर्बंध आले, आणि एरवी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात घेत नसत ती अट शिथिल झाली, कारण वरच्या वर्गांतली मुले युद्धावर गेली होती.

त्याच सुमारास साथीची दुसरी, प्राणघातक लाट आली. सप्टेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्समधील कॅम्प डेव्हन्स ही लष्करी छावणी आजाऱ्यांनी भरून गेली. २८ सप्टेंबरला फिलाडेल्फियात युद्धकर्जासाठी प्रचंड मिरवणूक निघाली आणि पुढच्या काही दिवसांत शहरात मृतदेह पुरायला माणसे अपुरी पडली. त्याच २८ सप्टेंबरला नॉत्र दाम विद्यापीठाचा संघ नवे प्रशिक्षक नूट रॉकनी यांच्या हाताखाली पहिला सामना खेळला. त्यांचा दुसरा सामना थेट २ नोव्हेंबरला झाला. अख्खा ऑक्टोबर कोरा गेला. पिट्सबर्गच्या संघाला पहिला सामना खेळायला ९ नोव्हेंबर उजाडला, आणि मग बावीस दिवसांत त्यांनी पाच सामने उरकले. त्यांतल्या एकात त्यांनी आदल्या वर्षीचा विजेता जॉर्जिया टेक याला ३२-० ने धूळ चारली. मिझुरी आणि वेस्ट व्हर्जिनिया ही विद्यापीठे त्या वर्षी मैदानात उतरलीच नाहीत.

ही साथ आपल्यालाही परकी नव्हती. जून १९१८ मध्ये ती मुंबईच्या बंदरातून देशात शिरली आणि पुढे देशभर पसरली. भारतातील बळींचा अंदाज सव्वा कोटीच्या आसपास सुरू होतो. अमेरिकेत सुमारे पावणेसात लाख गेले. त्या रोगाचे एक लक्षण इतिहासकाराने विसरू नये. एरवीचा फ्लू म्हातारे आणि तान्ही मुले नेतो, हा विशी-तिशीतल्या धडधाकट माणसांना नेत होता. म्हणजे नेमक्या खेळण्याच्या वयातल्या मुलांना.

तरीही सामने झाले. जिथे थांबले तिथे ते आरोग्य खात्याच्या किंवा लष्कराच्या हुकमाने थांबले, आणि सुरू झाले तेही हुकमानेच. खेळाडू सैनिक होता, त्याला कोणी विचारायचा प्रश्नच नव्हता. मी वाचलेल्या त्या हंगामाच्या वर्णनांत गुण आहेत, गणवेश आहेत, युद्धनिधी आहे. खेळायला भीती वाटत होती का, हे सांगणारा एकही खेळाडू मला त्यांत भेटला नाही.

एका शब्दाची कहाणी

दोन हंगामांच्या मधली १०२ वर्षे समजण्यासाठी एका शब्दाकडे पाहावे लागते : 'स्टुडंट-ॲथलीट', म्हणजे विद्यार्थी-खेळाडू. १९५५ साली कोलोरॅडोतील फोर्ट लुईस या छोट्या महाविद्यालयाचा एक खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. कामगाराला मिळते तशी नुकसानभरपाई त्याच्या विधवेने मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. फुटबॉल हा महाविद्यालयाचा धंदा नाही, म्हणून खेळणारा मुलगा नोकर नाही, असा तो निकाल. महाविद्यालयीन क्रीडेची नियामक संस्था एनसीएए हिने याच काळात 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द नियमांत आणि भाषणांत पक्का केला. खेळाडूला नोकर ठरवले जाईल या धास्तीतून तो घडवला, असे संस्थेचे त्या वेळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी पुढे स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवले.

पुढच्या साठ वर्षांत त्या खेळाचा धंदा झाला. दूरचित्रवाणीचे हक्क अब्जावधी डॉलरना विकले जाऊ लागले. २०२० मध्ये अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांना वर्षाला सुमारे ९० लाख डॉलर मिळत होते. खेळाडूला मिळत होती शिष्यवृत्ती.

२०२० : ओस वर्ग, चालू मैदान

मे २०२० मध्ये एनसीएएच्या अध्यक्षांनी भूमिका घेतली की आवारात विद्यार्थी नसतील तर विद्यार्थी-खेळाडूही नसतील. शब्दाचा अर्थ पाहता हे सरळच होते. ऑगस्टमध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने वर्ग सुरू केले आणि आठवडाभरात रुग्ण वाढल्यामुळे पदवीचे शिक्षण ऑनलाइन केले. फुटबॉल संघ मात्र राहिला. १२ सप्टेंबरला तो आपला पहिला सामना खेळला आणि जिंकला. मुलांना घरी पाठवण्याइतके आवार धोक्याचे, पण खेळाडूंना ठेवून घेण्याइतके सुरक्षित, असे दोन निर्णय एकाच ठिकाणी नांदत होते.

प्रत्येक गटाने वेगळी वाट धरली. आयव्ही लीगने जुलैतच हंगाम सोडला. ११ ऑगस्टला बिग टेन आणि पॅक-१२ या दोन बड्या गटांनी हंगाम पुढे ढकलला. दक्षिणेतल्या गटांनी खेळायचे ठरवले. मग दबाव सुरू झाला. नेब्रास्काच्या आठ खेळाडूंनी बिग टेनवर दावा लावला, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी गटाच्या आयुक्तांना फोन केला. १६ सप्टेंबरला बिग टेनने निर्णय फिरवला, आठवडाभराने पॅक-१२ नेही. सर्वोच्च श्रेणीतल्या १३० पैकी १२७ संघ अखेर खेळले.

'मुले तरुण आहेत, त्यांना काही होत नाही' हा त्या वेळचा मुख्य युक्तिवाद होता. १९१८ च्या तुलनेत तो पुष्कळसा खराही होता. पण सप्टेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियातील एका विद्यापीठाचा २० वर्षांचा खेळाडू कोव्हिडनंतर रक्ताची गुठळी होऊन गेला. त्याच महिन्यात ओहायो स्टेटच्या डॉक्टरांनी कोव्हिड होऊन गेलेल्या २६ खेळाडूंच्या हृदयाची तपासणी प्रसिद्ध केली. चौघांच्या हृदयस्नायूंना सूज असल्याची चिन्हे दिसली. पुढे सुमारे १,६०० खेळाडूंच्या पाहणीत हे प्रमाण २.३ टक्के निघाले. भीती वाटली त्याहून धोका कमी होता, पण हे कळले हंगाम संपल्यावर, त्याच खेळाडूंच्या तपासण्यांतून.

हंगाम धकत धकत पार पडला. क्लेमसनचा नामवंत क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स बाधित होऊन दोन सामन्यांना मुकला. व्हँडरबिल्टचे चेंडू मारणारे गडी विलगीकरणात गेले, तेव्हा महिला सॉकर संघाची गोलरक्षक सारा फुलर हिला बोलावले गेले आणि २८ नोव्हेंबरला बड्या पाच गटांच्या फुटबॉल सामन्यात खेळणारी ती पहिली स्त्री ठरली. ११ जानेवारी २०२१ रोजी अलाबामाने ओहायो स्टेटला ५२-२४ असे हरवून विजेतेपद घेतले.

या वेळी कोणी बोलले

मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते ऑगस्टचे पहिले दहा दिवस. २ ऑगस्टला पॅक-१२ च्या खेळाडूंनी जाहीर पत्रक काढले. आरोग्याची हमी, वर्णभेदाविरुद्ध पावले आणि खेळाच्या उत्पन्नात निम्मा वाटा अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्याविना खेळणार नाही, असे त्यांनी बजावले. आठवड्याने लॉरेन्ससारखे खेळाडू उलट सुरात पुढे आले : आम्हाला खेळायचे आहे. वर्तमानपत्रांनी या दोन फळ्या मानल्या. पण ९ ऑगस्टच्या रात्री दोन्हीकडचे खेळाडू एकत्र बोलले आणि त्यांच्या संयुक्त निवेदनात खेळण्याच्या इच्छेबरोबर सर्वांना समान सुरक्षा नियम, नको असेल त्याला नुकसान न होता माघार, आणि शेवटी खेळाडूंची संघटना या मागण्या आल्या. खेळायचे की नाही यावर मतभेद होता. विचारले गेले पाहिजे, यावर नव्हता.

पुढच्या घटना वेगाने घडल्या. २१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरील एनसीएएच्या मर्यादा एकमताने बेकायदा ठरवल्या. १ जुलैपासून खेळाडूंना जाहिरातीतून कमाईची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. हे सारे कोव्हिडने घडवले असे म्हणणे चूक होईल. खटले आधीपासून चालू होते. पण रिकाम्या आवारात चाललेल्या खेळाने 'विद्यार्थी' हे विशेषण किती पातळ झाले आहे, ते सर्वांना दिसले.

आपल्याकडेही तेव्हा अशीच निवड झाली. २०२० चे आयपीएल संयुक्त अरब अमिरातीत नेऊन पार पाडले गेले. १९३४ पासून चालत आलेली रणजी करंडक स्पर्धा २०२०-२१ मध्ये प्रथमच झाली नाही. ३८ संघांना महिनोन्‌महिने फिरवणे अवघड होते, हे कारण खरे आहे. पण सामन्याच्या मानधनावर घर चालवणाऱ्या रणजीपटूचे काय म्हणणे होते, हे शोधायला गेलो तर तुरळक मुलाखतींपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. ती माणसे आज चाळिशीच्या आतबाहेर आहेत, आठवणी ताज्या आहेत. १९१८ च्या खेळाडूंना विचारण्याची संधी गेली. यांना विचारण्याची अजून आहे.