उरलेल्या फितींचा इतिहास

जुने व नवे चित्रपट शेजारीं शेजारीं ठेवून त्यांचें गुणदोषविवेचन करावें, असा प्रसंग टीकाकारावर वारंवार येतो. आणि अशा वेळीं तो बहुधा इतिहासाची एक ठराविक शिडी भिंतीला लावून मोकळा होतो. तळच्या पायरीवर दादासाहेब फाळके यांचा 1913 सालचा 'राजा हरिश्चंद्र', त्याच्या वर संतपट, मग सामाजिक बोलपट आणि अगदीं माथ्यावर आजचे वास्तववादी चित्रपट. स्वर्गांतून निघालेला मराठी चित्रपट पायऱ्या चढत चढत जमिनीवर आला, असा हा चमत्कारिक हिशेब आहे. पांच चित्रपट एकत्र मांडून तो तपासून पाहावा, असें आम्हीं योजिलें आहे. मात्र त्यांतील पहिलाच चित्रपट आज कोणासही पाहतां येत नाहीं, आणि आमच्या मतें या प्रकरणांतील मुख्य गोष्ट तीच आहे.

कोल्हापुरांत बाबुराव पेंटर यांनीं 1925 सालीं 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. कथा ना. ह. आपटे यांची, तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेंत व्ही. शांताराम. कर्जापायीं सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरांत जाऊन गिरणीकामगार होतो, एवढीच गोष्ट. तिला पुराणाचा आधार नाहीं कीं राजवाड्याची शोभा नाहीं. त्यांतील अंधारी झोंपडी व तिच्याजवळ रडणारें कुत्रें हें दृश्य दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांच्या मनांत अनेक वर्षें घर करून राहिलें होतें. आज आपल्यापाशीं उरली आहे ती अशी आठवण, फीत नाहीं. पेंटर यांनीं 1936 सालीं तीच कथा बोलपटाच्या रूपानें पुन्हां मांडली.

त्याच 1936 सालीं 'प्रभात'चा 'संत तुकाराम' निघाला. दामले-फत्तेलाल यांची ही कृति सुदैवानें उपलब्ध आहे. मुंबईंत ती एकाच चित्रगृहांत वर्षाहून अधिक काळ चालली, आणि 1937 सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत तिचा गौरव झाला. शिडीवाले तिला भक्तिपट म्हणून खालच्या पायरीवर बसवितात. परंतु ती पुन्हां पाहतां आमचें लक्ष तुकोबांइतकेंच, किंबहुना कांकणभर अधिक, जिजाईकडे लागतें. घरांत दाणा नाहीं, मूल आजारी आणि नवरा भजनांत दंग. तेव्हां ही बाई वहाण हातीं घेऊन देवळांत शिरते व प्रत्यक्ष पांडुरंगाला जाब विचारते. विष्णुपंत पागनीस यांची तल्लीनता आणि गौरी या नटीचा हा संताप, या दोहोंच्या ताणावर सारा चित्रपट उभा आहे. अखेरीस तुकोबा वैकुंठास जातात आणि जिजाई भूमीवरच राहते. ज्या चित्रपटांत भुकेला इतकी मोठी जागा दिली आहे, त्यास केवळ चमत्कारपट म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

आतां अलीकडे येऊं. 1975 सालीं बर्लिनच्या महोत्सवांत गेलेल्या 'सामना'चे दिग्दर्शक जब्बार पटेल व लेखक विजय तेंडुलकर. येथें सावकाराच्या जागीं साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव बसला आहे, आणि मारुती कांबळे या नाहींशा झालेल्या माणसाविषयींचा एकच प्रश्न त्याच्या सत्तेला सुरुंग लावतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या 2014 सालच्या 'कोर्ट'मध्यें कांबळे हें आडनांव पुन्हां भेटतें. शाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळें एका सफाई-कामगारानें आत्महत्या केली, असा आरोप. आणि खटला तारखांमागून तारखा खात चालतो. या चित्रपटांतील स्थिर, रेंगाळणारीं दृश्यें कोठें कोठें प्रेक्षकाची परीक्षा पाहतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु सरकारी वकीलबाई मुलाला घेऊन घरीं येतात व निमूटपणें स्वयंपाकाला लागतात, तें दृश्य पाहिल्यावर अन्याय केवळ दुष्टांच्याच हातून होतो, हा समज टिकत नाहीं.

नागराज मंजुळे यांचा 2013 सालचा 'फॅन्ड्री' याहून धारदार आहे. डुकराचा पाठलाग चालला असतां शाळेंतून राष्ट्रगीताचे सूर येतात आणि धांवणारें कैकाडी कुटुंब जागच्या जागीं थबकतें. पुढें तेंच डुकर खांद्यावर वाहून नेलें जातें तें शाळेच्या भिंतीवरील फुले-आंबेडकरांच्या चित्रांसमोरून. शेवटीं जब्यानें भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या रोखानें येतो. हा चित्रपट निघाला तेव्हां अनेकांना हें सर्व अपूर्व वाटलें. दिग्दर्शकाची दृष्टि अपूर्व होती, यांत शंका नाहीं. गांवाबाहेरील माणूस येथें स्वतःच्या डोळ्यांनीं गांवाकडे पाहतो. परंतु दरिद्री माणसाचें घर पडद्यावर आणण्याचें धाडस मात्र अठ्ठ्याऐंशी वर्षांपूर्वीं कोल्हापुरांत झालें होतें.

मग शिडीचा भास कोठून झाला? आमच्या मतें तो नाशांतून झाला. त्या काळची फीत नायट्रेटची. ती चटकन पेट घेते, दमट उष्ण हवेंत तिचा भुगा होतो. आणि तिच्यांतील चांदी काढून घेण्यासाठीं ती मोडींतही जात असे. खुद्द 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें एवढींच उरलीं. पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें 1964 सालीं. तोंवर बहुतेक मूकपटांची राख झाली होती. पी. के. नायर यांनीं फाळके यांच्या कृतींचे अवशेष जमविले नसते, तर आरंभाचा एवढाही पुरावा हातीं राहिला नसता. पुढें 2003 सालीं पुण्यांतच नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागून कित्येक जुन्या मूळ फिती जळाल्या. सारांश, आपण ज्याला मराठी चित्रपटाचा विकास म्हणतों, त्यांतील बराच भाग म्हणजे आग व ओल यांच्या तडाख्यांतून दैवयोगानें वांचलेल्या वस्तूंची यादी आहे.

म्हणून जुन्यानव्याची तुलना करणाऱ्यानें दोन पथ्यें पाळावींत. जुन्या कृतीस तिच्या पायरीवरून कमी लेखूं नये. आणि नव्या कृतीस 'हें पूर्वीं कधींच झालें नव्हतें' अशी पावती देण्यापूर्वीं, जें झालें तें जपून ठेवलें होतें काय, हें आधीं विचारावें. ज्यांच्या घरीं जुन्या फितींचे डबे, जाहिराती किंवा चित्रपटांच्या गाण्यांच्या चोपड्या पडून असतील, त्यांनीं त्या रद्दींत न घालतां संग्रहालयाच्या स्वाधीन कराव्यात, अशी आमची विनंती आहे. आजचे चित्रपट फितीवर नसून संगणकावर असतात, म्हणून ते अमर आहेत अशा भ्रमांतही कोणी राहूं नये. त्यांच्याही प्रती वेळोवेळीं नव्यानें काढाव्याच लागतात. शंभर वर्षांनंतरच्या टीकाकारास 'फॅन्ड्री' पाहतां यावा, केवळ कोणाच्या आठवणींत वाचावा लागूं नये, एवढें तरी आपल्या हातीं आहे.