जुन्या शेडला नवे आयुष्य

दरवर्षी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा मंडळाचा आग्रह असतो. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. हाताला लेखणीपेक्षा पान्याची सवय अधिक. म्हणून विषय माझ्याच कामातला घेतला आहे.

आपण खुर्सीपारकर कारखान्याच्या सावलीत वाढलो. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. माझे वडील याच कारखान्यात होते. झोतभट्टीच्या पद्धतीने एक टन पोलाद तयार होताना सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भंगार वितळवून पुन्हा पोलाद होते हे खरे. पण त्यालाही वीज लागतेच. उभा खांब तसाच वापरला तर ती वीजही वाचते. म्हणून एखादी मजबूत जुनी शेड मोडीत निघताना पाहिली की जीव तुटतो.

हॉलंडमधील टिलबर्ग येथे १९३२ साली बांधलेली रेल्वे इंजिनांची शेड आहे. रेल्वेचे काम तेथून गेल्यावर तिचे सार्वजनिक वाचनालय झाले. ते २०१९ साली सुरू झाले आणि त्याच वर्षी वास्तुकलेच्या जागतिक महोत्सवात सर्वोत्तम इमारत ठरले. पोलादी खांब तसेच ठेवले. चाके लावलेली मोठी टेबले रुळांवरून सरकतात! सुमारे १५ मीटर उंचीची शेड सगळी तापवणे परवडणारे नव्हते. म्हणून माणसे बसतात तेवढीच जागा उबदार ठेवली. कापडाचे प्रचंड पडदे ओढून हवी तेव्हा दालने करता येतात.

आपल्याकडे प्रश्न उलटा, उन्हाळ्याचा. पण तत्त्व तेच. गरम हवा वर चढते. छताच्या माथ्यावर झरोके असले की ती निघून जाते. पत्र्यांना पांढरा रंग, उत्तरेकडून उजेड आणि माणसे बसतात तिथेच पंखे, एवढ्याने विजेचे बिल पुष्कळ आटोक्यात येते.

नागपूरच्या मोतीबागेत १४ डिसेंबर २००२ रोजी नॅरोगेज रेल्वे संग्रहालय सुरू झाले. तिथे जुनी इंजिने जपली आहेत. ज्या शेडमध्ये इंजिने दुरुस्त झाली, त्या शेडही जपायला हव्यात, आणि नुसत्या बघायला नव्हे, वापरायला.

वर्षातून दहा दिवस आपण मंडपात एकत्र बसतो. विसर्जनानंतर मंडप उतरतो आणि मुले पुन्हा अभ्यासाला जागा शोधतात. वडिलांच्या पिढीने घाम गाळून जे पोलाद उभे केले, त्याच्या छताखाली नातवंडे पुस्तक उघडून बसली, तर त्या घामाचे चीज होईल. पुढच्या बैठकीत यावर बोलूया.

गणपती बाप्पा मोरया!